‘मिल्ट्रीत गेला’ म्हणजे नेमका कुठे गेला? बेळगाव परिसरातली सैन्यभरती आणि सैन्याच्या शाखा

बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात कुणाच्या मुलाची चौकशी केली की पुष्कळदा एकच उत्तर मिळतं, “तो मिल्ट्रीत आहे.” पुढे कुणी विचारत नाही आणि सांगणाराही सांगत नाही. पण मिल्ट्रीत म्हणजे कुठे? पायदळात, तोफखान्यात, सिग्नलमध्ये, की सफरमैनांत? आपल्याकडे विमानदळात गेलेल्यालाही मिल्ट्रीतच गेला म्हणतात आणि भटारखान्यात स्वयंपाक करणाऱ्यालाही. घरातल्या जुन्या फोटोत आजोबांच्या टोपीवर बिल्ला दिसतो, पण तो कुठल्या पलटणीचा हे सांगणारं माणूस बहुतेक घरांत आता उरलेलं नाही.

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. माणूस कुठल्या शाखेत गेला यावर तो कसा लढला, काय शिकला, कुठल्या हुद्द्यापर्यंत चढला आणि परत आल्यावर त्याच्या हातात काय उरलं, हे सगळं ठरत आलंय. आणि ही शाखा गेली दोन-तीनशे वर्षं सहसा त्या माणसानं स्वतः निवडलेली नव्हती. कधी ती घोड्यानं ठरवली, कधी जातीच्या यादीनं, कधी शाळेच्या दाखल्यानं. आज बारावी झालेल्या मुलापुढे निवड करायची संधी बरीचशी खुली आहे. तो ती वापरतो का, हा प्रश्न आहे. त्यासाठी आधी इतिहास थोडा उलगडून पाहू.

घोडा कोणाचा?

मराठ्यांच्या फौजेतच शाखांची पक्की विभागणी होती. पायदळाला हशम म्हणत. घोडदळात दोन तऱ्हा. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. त्याशिवाय तोफखाना वेगळा आणि आरमार वेगळं. पुढे अठराव्या शतकात कवायती पायदळ आलं. पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता आणि नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून आपले कंपू तयार करून घेतले. म्हणजे ‘फौजेत जाणं’ ही तेव्हाही एकच गोष्ट नव्हती. ज्याच्या घरी घोडा ठेवायची ऐपत होती तो शिलेदार झाला. ज्याची नव्हती तो ढाल-तलवार घेऊन पायी चालला.

गंमत म्हणजे इंग्रजांनी पेशवाई बुडवली, पण शिलेदारी बुडवली नाही. त्यांच्या हिंदी रिसाल्यांपैकी बहुतेक रिसाले पहिल्या महायुद्धापर्यंत ‘सिल्लादार’ पद्धतीनं चालत. हा शब्द आपल्या शिलेदाराचाच. रिसाल्यात येणाऱ्या स्वारानं घोडा आणायचा किंवा घोड्यापोटी रक्कम भरायची. त्या जागेला ‘असामी’ म्हणत. साहजिकच रिसाल्यात जमीनजुमला असलेल्या घरांतली मुलं जात. कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्या कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याच्या मुलाला ती वाट बंदच होती. त्याच्यासाठी पायदळाची पलटण होती, जिथे बंदूक सरकार देई आणि घरून फक्त दोन पाय घेऊन जायचं असे.

मुंबई इलाख्याच्या या पलटणी जुन्या आहेत. ‘जंगी पलटण’ १७६८ साली उभी राहिली आणि ‘काळी पाचवी’ तिच्यापाठोपाठ वर्षभरात. १८१८ च्या एप्रिलमध्ये टॉमस मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा या पलटणींना पन्नास वर्षं होत आली होती. म्हणजे मराठी माणूस मराठी राज्य असतानाच कंपनीच्या पायदळातही नोकरी करत होता. हे आपल्याला आवडो न आवडो, कागदपत्रं तसं सांगतात.

यादीत नाव आहे का?

१८५७ नंतर भरतीचा रंग बदलला. पहिला दरवाजा बंद झाला तो तोफखान्याचा. डोंगरी तोफांच्या काही बॅटऱ्या सोडल्या तर हिंदी माणसाच्या हातात तोफ द्यायची नाही, असं धोरण ठरलं आणि ते फार काळ टिकलं. हिंदी जवानांची पहिली मैदानी तोफखाना ब्रिगेड बंगळूरला उभी राहिली ती थेट १९३५ च्या जानेवारीत. म्हणजे जवळपास ऐंशी वर्षं आपल्याकडच्या हुशार, गणितात चांगल्या मुलाला गोलंदाज व्हायची वाट जवळजवळ नव्हतीच.

दुसरा बदल ‘लढवय्या जातीं’च्या सिद्धांतानं झाला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे त्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. कुठली जात लढाऊ आणि कुठली नाही याच्या याद्या झाल्या आणि भरती त्यांच्यावर चालू लागली. याचा सर्वांत कडवट फटका महारांना बसला. मुंबई इलाख्याच्या फौजेत त्यांची जुनी आणि मोठी परंपरा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतला. त्याच दशकात महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. या लोकांचं म्हणणं नीट समजून घेतलं पाहिजे. पलटण म्हणजे पगार तर होताच, शिवाय पलटणीत शाळा होती, पेन्शन होती, आणि गावात परतल्यावर ताठ मानेनं चालायचा आधार होता. तो एका फटक्यात गेला.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. पुन्हा दार उघडलं ते दुसऱ्या महायुद्धात. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती आपल्या बेळगावात. बेळगावचा कॅम्प म्हटलं की आपल्याला फक्त मराठा लाइट इन्फंट्री आठवते. पण महार रेजिमेंटच्या जन्माचं गावही हेच, ही गोष्ट इथल्या जाणत्या लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. १९४६ मध्ये ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, म्हणजे तिला साध्या पायदळाहून वेगळं, यंत्राचं काम मिळालं. पुढे ती सगळ्या जातीजमातींना खुली झाली.

नौदलाचीही अशीच वाटणी होती. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे खलाशी म्हणून रत्नागिरी किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान आणि नंतर पंजाबी मुसलमान प्रामुख्यानं घेतले जात. म्हणजे एकाच जिल्ह्यातला वाडीवरचा मराठा मुलगा पायदळात आणि बंदरावरचा मुसलमान मुलगा जहाजावर. दोघांनाही कुणी ‘तुला काय आवडेल’ असं विचारलेलं नव्हतं.

१९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि तिचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आलं. आमच्या पट्ट्यातला मुलगा डोळे झाकून त्या फाटकाशी उभा राहायला लागला तो तेव्हापासून. काका तिथे, मामा तिथे, भाषा आपली, घोषणा शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची. यात आपुलकी होती हे खरंच. पण बाकीच्या शाखांकडे पाहायची सवय मोडली ती इथेच.

एका वेढ्यात सगळ्या शाखा

प्रत्येक शाखा नेमकं काय करते हे समजायला पुस्तकी व्याख्या कामाच्या नाहीत. एखादी लढाई घेऊन बघावं. मी कुतची घेतो, कारण तिथे आपली माणसं होती.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादकडे निघाली होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये ती टेसिफोनपाशी अडली आणि मागे हटून कुत-अल-अमारा या गावात आली. तिथे ७ डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. खंदकांत उभं राहून गाव राखणं हे त्यांचं काम. जागा ताब्यात ठेवायची तर तिथे शेवटी माणूस उभा लागतो, आणि तो माणूस म्हणजे पायदळ.

त्याच गावात खडकीच्या सफरमैनांच्या कंपन्या होत्या आणि नावांचे पूल बांधणारी तुकडीही होती. खंदक, तटबंदी, नदीवरचा पूल, ही त्यांची कामं. तोफखाना होता. दवाखाना होता, तो जखमींनी आणि आजाऱ्यांनी भरलेला. सामान वाहणारे खेचरवाले होते. पुढे दाणागोटा संपला तेव्हा त्यांचीच जनावरं कापायची वेळ आली आणि धर्माच्या कारणानं अनेक हिंदी जवानांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. म्हणजे बंदुकीपेक्षा धान्याचं पोतं मोलाचं ठरलं.

बाहेरून सुटका करायला काय काय झालं तेही पाहा. विमानांतून धान्य टाकायचा प्रयत्न झाला. जगात अशा तऱ्हेच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. विमानं लहान आणि त्यांचा भार वाहण्याचा आवाका तुटपुंजा, त्यामुळे ते पुरलं नाही. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन तैग्रिसमधून वर निघाली. ती तुर्कांनी पकडली. २९ एप्रिल १९१६ ला कुतनं शरणागती पत्करली.

पायदळ हटलं नव्हतं. पुरवठा तुटला म्हणून गाव पडलं. सैन्याची एक शाखा दुसरीवाचून किती लंगडी पडते याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

सफरमैना

मी पेशानं इंजिनिअर, त्यामुळे या शाखेकडे माझा ओढा जास्त आहे हे आधीच सांगून टाकतो. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ हे नाव आपल्या लोकांनी जिभेवर घोळवून ‘सफरमैना’ करून टाकलं. यांचं घर पुण्याजवळ खडकीला.

दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत हे याच दलातले. १९४१ च्या सुरुवातीला अॅबिसिनियात त्यांनी चार दिवसांत ५५ मैल रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली. त्यात त्यांनी शत्रूवर चाल करून जाणं असं काही नव्हतं. जमिनीत पुरलेला मृत्यू हातानं शोधून काढत पुढे सरकायचं, हे त्यांचं काम होतं.

दुसरं नाव आपल्या शेजारचं. रामा राघोबा राणे. जन्म १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले, पायरीपायरीनं चढले आणि १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ८ एप्रिल १९४८ ला, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर त्यांची परीक्षा झाली. रणगाडे पुढे जायचे होते आणि वाट सुरुंगांनी व आडव्या पाडलेल्या झाडांनी बंद होती. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, काही जखमी झाले आणि राणे स्वतःही जखमी झाले. तरी त्यांनी काम सोडलं नाही. सुरुंग काढत, झाडं उडवत, नवी वळणवाट तयार करत त्यांनी रणगाड्यांना पुढे नेलं. ११ तारखेला फौज चिंगसला आणि त्यानंतर राजौरीला पोचली. त्यांना परमवीरचक्र मिळालं आणि ते हयातीत मिळवणारे ते पहिले.

कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर चापळ या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ राण्यांचा पुतळा आहे. तिथे फिरायला आलेल्या माणसाला ते नौदलातले वाटले तर नवल नाही!

पायदळाचं शौर्य याच्याशी ताडून पाहायचं असेल तर नामदेव जाधव यांचं उदाहरण घ्या. नगर जिल्ह्यातले हे शिपाई ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर कंपनीचे निरोपे होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून नदीच्या खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत फिरून मशीनगनचे मोर्चे एकट्यानं मोडले आणि बांधावर उभं राहून जयघोष करत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. इथे सगळं काही क्षणांचं आणि धडाडीचं. राण्यांचं काम होतं सलग तीन-चार दिवसांच्या सावधपणाचं. दोघेही शूर, पण दोघांचा पिंड वेगळा आणि शिक्षणही वेगळं. आपल्या मुलाचा पिंड कोणता, हे घरच्यांनी भरतीआधी ओळखायला हवं.

शाखा कायमच्या दगडी असतात असंही नाही. यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये इटलीत ज्या पलटणीतून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती मराठ्यांची तिसरी पलटण नंतर छत्रीधारी झाली आणि १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटमध्ये दुसरी पलटण म्हणून गेली. पायी चालणारे विमानातून उडी मारायला शिकले.

शाळेचा दाखला

विसाव्या शतकात घोडा आणि यादी यांची जागा हळूहळू शिक्षणानं घेतली. हिंदी विमानदळ ८ ऑक्टोबर १९३२ ला कायद्यानं जन्मलं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीत त्याची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. तिच्याकडे चार वापिटी विमानं होती आणि जमिनीवरच्या कारागिरांना ‘हवाई सिपाही’ म्हणत. सिपाही म्हटलं तरी इंजिन उघडणं आणि जोडणं हेच त्यांचं काम.

नौदलातही तेच झालं. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत खलाशांचं बंड सुरू झालं ते ‘तलवार’ या तळावरून. ती संदेशवहनाची शाळा होती. तिथली मुलं शिकलेली होती, बिनतारी यंत्रावर बसणारी होती, आणि बातमी एका जहाजावरून दुसऱ्यावर नेणं हेच त्यांचं रोजचं काम होतं. बंड तिथून पेटलं आणि झपाट्यानं पसरलं यात त्या शाखेचा वाटा होताच.

एक शेवटचा भेद, दरवाजाचा. १९१८ पर्यंत हिंदी माणसाला सँडहर्स्टची वाट नव्हती. पलटणीत कितीही नाव काढलं तरी सुभेदार मेजरच्या वर जाता येत नसे. ती वाट उघडल्यावर कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात सँडहर्स्टला गेले आणि लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले. त्याच मुलखातून त्याच काळात शिपाई म्हणून शिरलेला माणूस किती वर चढला असेल, याचा हिशोब आपापल्या घरातल्या आजोबांवरून करावा. राण्यांसारखे शिपायाचे मेजर होणारे अगदी विरळा.

आजच्या बारावीच्या मुलाला

आता आजचं पाहू. पहाटे मैदानावर धावणारी मुलं इकडे गावोगाव दिसतात. १६०० मीटर किती मिनिटांत, हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. पण अर्ज कुठल्या प्रकारात भरायचा, हे मात्र सोबतचा मित्र ठरवतो.

लष्करात जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क व स्टोअरकीपर, आणि ट्रेड्समन असे वेगवेगळे प्रकार आहेत. जनरल ड्युटीला दहावी चालते आणि तो जवान मुख्यतः पायदळ, तोफखाना, रणगाडा अशा लढाऊ शाखांकडे जातो. टेक्निकलला साधारणपणे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. एनडीएत लष्करासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, पण नौदल आणि विमानदळासाठी विज्ञान हवं. म्हणजे सैन्यातली शाखा बरीचशी अकरावीला प्रवेश घेतानाच ठरून जाते. त्या वेळी मुलगा सोळा वर्षांचा असतो आणि कुणी त्याला हे सांगितलेलं नसतं. मुलींनाही २०२२ पासून एनडीएचं दार उघडलं आहे, तेव्हा हे घरात दोघांनाही सांगायला हवं.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि या निवडीचं वजन वाढलं. नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होणार. म्हणजे चारांतले किमान तीन पंचविशीच्या आसपास घरी परतणार. जुन्या जवानाबरोबर पेन्शन येत असे. या मुलाबरोबर पेन्शन येणार नाही. एकरकमी निधी येईल आणि त्यानं जे काम शिकलं ते येईल. चार वर्षं गाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला, संदेशयंत्रणा हाताळलेला किंवा पूल बांधलेला मुलगा आणि चार वर्षं रायफल घेऊन सीमेवर उभा राहिलेला मुलगा, दोघांचा मान सारखाच असला पाहिजे. पण परतल्यावर दोघांपुढचे रस्ते सारखे नसतील, हे भरतीच्या दिवशीच माहीत असलेलं बरं. हे माहीत असूनही ज्याला पायदळातच जायचं आहे त्यानं जरूर जावं. तो निर्णय त्याचा असेल, गर्दीचा नसेल.

आपल्या भागाचं भाग्य असं की यातल्या पुष्कळ गोष्टी बसच्या अंतरावर आहेत. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. सांबऱ्याला विमानदळाची एअरमन प्रशिक्षण शाळा आहे. कारवारला नौदलाचा कदंब तळ, गोव्यात दाबोळीला नौदलाचा हंस तळ आणि सिग्नलचं प्रशिक्षण केंद्र. थोडं पुढे गेलं की खडकीला सफरमैना, लोणावळ्याला नौदलाची इंजिनिअरिंगची शाळा, नगरला रणगाडे, देवळालीला तोफखाना. आत जाता येत नसलं तरी सुटीवर आलेला जवान गावात भेटतोच. त्याला पगार किती हे सगळेच विचारतात. तुझं रोजचं काम काय, कुठलं यंत्र हाताळतोस, काय शिकलास, हे विचारावं.

आणि ज्यांच्या घरी जुना फोटो, पदक किंवा पेन्शनचं पुस्तक असेल त्यांनी त्यावरचा बिल्ला आणि पलटणीचा आकडा एकदा नीट वाचून लिहून ठेवावा. आजोबांची शाखा कुणी आणि का ठरवली होती, हे त्यावरून पुष्कळ कळतं. नातवाची कुणी ठरवायची, हे घरात बसून बोलायला त्याहून चांगलं निमित्त सापडणार नाही.